खालून वाचलेली गाडी

गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक लांबट पट्टी जाते. आत बसताना आपण तिच्यावरून पाय टाकतो, पावसाळ्यात चिखलाचे बूट तिच्याच कडेला घासतो. नाशिकच्या गॅरेजांमध्ये तिला कोणी साइडची पट्टी म्हणतं, कोणी खालचा डबा. मला दुसरं नाव आवडतं, कारण ती खरोखर डबाच असते. आत एक पत्रा, बाहेर एक पत्रा, मध्ये पोकळी. आमच्या फियाटचा डावीकडचा डबा गेल्या उन्हाळ्यात एका मिस्त्रींनी नव्याने बांधला. जेमतेम साडेतीन फुटांचं काम. आता त्याच्यावर रंग चढला आहे, गाडी घरासमोर उभी आहे आणि ते काम कोणालाही दिसत नाही. रंग चढण्याआधी मी ते रोज जाऊन पाहत होतो. चांगली मैफल ऐकून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणाला तरी तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, तशी माझी अवस्था आहे.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. ही गाडी त्यांनी १९८६ साली घेतली. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात काय, सगळ्या नाशिकमध्ये ती फियाटच. मूळ आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा. ती इटलीत १९५३ साली आली आणि तिचीच पुढची आवृत्ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून बनू लागली. ही कंपनी उभी केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. आपल्या जिल्ह्याला त्यांची ओळख वेगळ्या वाटेनं आहे. मालेगाव तालुक्यातलं रावळगाव त्यांनीच साखरेचं गाव केलं. बेंगळुरूला ज्या विमान कारखान्याचा पाया त्यांनी १९४० मध्ये घातला, त्याच्याच वंशातला कारखाना पुढे आपल्या ओझरला आला. लहानपणी रावळगावची गोळी चघळत मी या गाडीच्या मागच्या सीटवर बसायचो, तेव्हा दोन्हींमागे एकच माणूस आहे हे माहीत नव्हतं.

मिस्त्रींच्या कामाचं मोल कळायचं तर गाडी कशावर उभी आहे ते आधी पाहिलं पाहिजे. आपल्याकडे सातपूरच्या रस्त्यानं महिंद्राच्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ कारखान्यातून निघताना वर्षानुवर्षं दिसल्या. त्यांना खाली जाड लोखंडी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी कसलेली असते. बॉडीचा पत्रा सडला तरी चासी गाडीला धरून ठेवते. फियाटला अशी वेगळी चासी नाही. इंजिनिअर तिला मोनोकॉक म्हणतात. टोपलीला जसा निराळा सांगाडा नसतो, वीण हीच टोपली, तसा इथे पत्रा हीच गाडी. छप्पर, दारांचे खांब, फरशीचा पत्रा आणि दोन बाजूंचे दोन डबे, सगळे मिळून भार वाहतात. त्यातही डब्यांवर मदार मोठी. पुढची चाकं खड्ड्यात आपटली की तो धक्का मागे नेणारे हेच, आणि गाडी मध्येच वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी तुळईसारखे ताठ उभे राहणारेही हेच. मडगार्डला भोक पडलं तर गाडी कुरूप दिसते. डबा सडला तर गाडी कमकुवत होते. पहिलं दुखणं कातडीचं, दुसरं हाडाचं. गॅरेजमध्ये दोन्हींना ‘पत्रा सडलाय’ असंच म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो.

डबा सडतो कसा, ही एक सुंदर आणि क्रूर गोष्ट आहे. आपल्याला वाटतं गंज बाहेरून आत जातो. बहुतेक वेळा तो आतून बाहेर येतो. दाराच्या काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतं, दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर पडतं, त्यातलं थोडं पट्टीच्या सांध्यात शिरतं. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून टिपक्या-टिपक्यांनी जोडलेले असतात. त्यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी ओढलं जातं आणि तिथेच बसतं. इगतपुरीचा पाऊस अंगावर घेऊन कसारा घाट चढलेली गाडी नाशिकच्या कोरड्या उन्हात उभी राहते. बाहेरचा पत्रा दहा मिनिटांत वाळतो, आतला चिखल आठवडाभर ओला राहतो. रसायनशास्त्र सांगतं की एकाच ओल्या लोखंडावर जिथे हवा भरपूर आणि जिथे हवा तोकडी, अशा दोन जागांमध्ये विजेचा सूक्ष्म व्यवहार सुरू होतो आणि त्यात तोटा होतो तो हवा न पोहोचलेल्या जागेचा. म्हणजे चिखलाखाली दडलेला, सांध्यात लपलेला, कोणाच्या नजरेला न येणारा पत्रा आधी जातो. शिवाय गंजाला जागा जास्त लागते. मूळ लोखंडाच्या दुपटीपासून पाच-सहापटीपर्यंत तो फुगतो, सांधे आतून उकलतो, रंगाला फोड आणतो. फोड दिसला तेव्हा गोष्ट संपत आलेली असते.

आमच्या गाडीत आणखी एक दुःख होतं. वडील दर रविवारी नळी लावून गाडी धूत. शेजारी कौतुक करत. खालच्या डब्याला पाणी बाहेर पडण्यासाठी भोकं असतात, ती कधीतरी रंगकामात बुजली होती. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, आणि त्यांच्या मायेचं प्रत्येक रविवारचं पाणी आत साठत गेलं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आता सांगायला ते नाहीत.

काही वर्षांपूर्वी डाव्या पट्टीला पहिला फोड आला, तेव्हा आम्ही गाडी एका गॅरेजला दिली होती. चार दिवसांत परत मिळाली, चकाचक, आरशासारखी. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा फोड, यावेळी तळहाताएवढा. या मिस्त्रींनी तिथे पेचकस टेकवून नुसता दाब दिला तर तो मुठीपर्यंत आत गेला. मग हातोडीच्या एका ठोक्यात पुटीची खपली निघाली, बोटभर जाड. तिच्याखाली लोखंडी जाळी, जाळीमागे कोंबलेलं गोणपाट. ते गोणपाट ओलं होतं. मे महिन्यात, नाशिकच्या उन्हात, ओलं. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात ते हेच. पुटीला माझा विरोध नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरची बारीक लाट भरून काढायला ती हवीच. पण भार वाहणाऱ्या जागी पत्र्याऐवजी पुटी भरणं ही फसवणूक आहे, आणि तिची किंमत गाडीत बसणारा माणूस अपघाताच्या क्षणी मोजतो.

हे मिस्त्री मालेगावचे, आता नाशिकमध्ये द्वारकेच्या बाजूला एका शेडमध्ये काम करतात. वय साठीच्या पुढे. पहिल्या दिवशी त्यांनी हातात ग्राइंडर घेतलाच नाही. छोटी हातोडी घेऊन ते गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसत-उठत टकटक करत गेले आणि खडूनं खुणा करत गेले. चांगल्या पत्र्यावर आवाज खणखणीत येत होता. काही ठिकाणी तो एकदम बसायचा, ओल्या मडक्यावर टिचकी मारावी तसा. ‘हा बोलतोय,’ ते म्हणायचे, आणि पुढे सरकायचे. मग थांबायचे. ‘हा नाही बोलत, भाऊ.’ तिथे खडूची फुली. दोन तासांनी खाली वाकून पाहिलं तर आमच्या गाडीच्या पोटावर फुल्यांचा एक नकाशा तयार झाला होता. सडका भाग वरून तळहाताएवढा दिसत होता, नकाशात तो साडेतीन फूट झाला होता.

दुसऱ्या दिवशीही कापाकापी नाही. सीट काढल्या, गालिचा काढला, बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी आणि नळी काढून लांब ठेवली. मग त्यांनी गाडी जमिनीवरच, चाकांच्या जवळ भार येईल अशा ठोकळ्यांवर सपाट बसवली. दारं लावून प्रत्येक दाराच्या फटीत बोट फिरवून पाहिलं. वरपासून खालपर्यंत फट सारखी आहे ना. मग दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी अँगल आडवा झाळून टाकला. मी विचारलं, हा कशाला? ‘कमरेचं हाड काढायचंय. त्याआधी माणसाला फळीला बांधायला नको?’ डबा कापल्यावर मोनोकॉक गाडी स्वतःच्याच वजनानं मध्ये बसते. तशा बसलेल्या अवस्थेत नवा डबा झाळला तर गाडी जन्मभर वाकडी, आणि दारं कधीच नीट लागत नाहीत. हा एक अँगल पाहून मला कळलं की आपण योग्य माणसाकडे आलो आहोत. ख्याल सुरू व्हायच्या आधी तानपुरे लावताना गवई जो वेळ घेतो, त्यातच जाणकाराला पुढची मैफल ऐकू येते.

तिसऱ्या दिवशी कापलं. लांब सरळ रेघ ग्राइंडरनं, पण सांध्याजवळ त्यांनी छिन्नी घेतली. जुने टिपके एकेक शोधून ड्रिलनं फोडले, म्हणजे खालचा चांगला पत्रा फाटू नये. बाहेरची पट्टी निघाली तेव्हा आतून एक घमेलं भरून गंज पडला. पातळ पापुद्रे, तपकिरी, एकावर एक. जुन्या पोथीची पानं गळावीत तसे.

या सगळ्या कामातली मला सर्वात मोठी वाटलेली गोष्ट आता सांगतो. जिथे भोक संपत होतं, तिथे मी थांबलो असतो. जिथे काळसर डाग संपत होते, तिथे बहुतेक चांगले कारागीर थांबले असते. मिस्त्री त्याच्याही पुढे चार बोटं गेले आणि स्वच्छ, चकाकत्या पत्र्यात कापलं. मला राहवलं नाही. ‘मिस्त्री, चांगला पत्रा का कापता?’ ते म्हणाले, ‘टाका पक्क्या जागेला धरतो. कच्च्या जागेला मारलेला टाका दोन वर्षांत बाजूनं फाटतो.’ सडक्या कडेला नवा पत्रा झाळला तर झाळ टिकते आणि तिच्या शेजारचं पातळ झालेलं लोखंड तुटतं. म्हणून दुखणं संपतं तिथे न थांबता आरोग्य सुरू होऊन चार बोटं झाल्यावर हात थांबवायचा. चांगला पत्रा कापायला धैर्य लागतं. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून बघत असताना तर आणखीच.

मग ठिगळ. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी आधी फर्मा केला. तो पोकळीवर धरून पाहिला, कात्रीनं पाव सूत कमी केला, पुन्हा धरला. पाचव्या वेळी पुठ्ठा हात सोडूनही जागेवर बसला, तेव्हा तो पत्र्यावर ठेवून खूण केली. पत्रा २० गेजचा, म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित कमी, जस्त चढवलेला. मूळ पत्र्याशी जाडी जुळते. जास्त जाड पत्रा लावणाऱ्यांना वाटतं आपण मजबुती वाढवली. खरं तर जाड आणि पातळ जिथे भेटतात तिथेच पुढचा तडा जातो.

या ठिगळाचे चारही कोपरे गोल होते. ओझरच्या कारखान्यात विमानाच्या पत्र्यावर ठिगळ लावतात तेही गोल कोपऱ्याचं. चौकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते. मिस्त्रींना हे कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाले उस्तादांनी. उस्तादांना कोणी? ते माहीत नाही. मला आजीची गोधडी आठवली. तीही ठिगळाचा कोपरा दुमडून गोल करायची, म्हणायची, टोक राहिलं की बोट अडकतं आणि तिथूनच फाटतं. पत्रा आणि कापड, दोघांनाही एकच नियम.

आता टाके. हाच शब्द वेल्डिंगवाले वापरतात, हाच डॉक्टर वापरतात, हाच शिंपी. ठिगळाच्या कडेला त्यांनी दर सव्वा इंचावर पेन्सिलीच्या जाडीचं एकेक भोक पाडलं. हे ठिगळ मूळ पत्र्यावर ठेवून त्या भोकांतून सीओटू वेल्डिंगनं खालचा पत्रा तापवून भोक भरायचं, म्हणजे कारखान्यात पडलेल्या टिपक्यासारखाच टिपका होतो. सलग झाळ मारणं सोपं आहे, दिसायलाही भरीव. पण सलग उष्णतेनं पातळ पत्रा पापडासारखा उचलतो. म्हणून ते पहिला टाका डाव्या टोकाला मारत, दुसरा उजव्या, तिसरा मधोमध, मग डावा आणि मध यांच्या मध्ये. प्रत्येक टाक्यानंतर हात लावून पाहत. गरम असेल तर थांबत. अर्धं काम थांबण्याचं होतं. मी तिथे तासभर बसलो असेन. ठिणगी, शांतता, हाताचा स्पर्श, मग लांबवर दुसरी ठिणगी. त्याला एक संथ ठेका होता.

एके ठिकाणी त्यांनी सीओटू बाजूला ठेवून गॅस घेतला. पट्टीचा पुढचा कोपरा मडगार्डला मिळतो आणि तिथे पत्र्याला दुहेरी वळण आहे. सीओटूचा टाका कडक होतो, हातोडीला दाद देत नाही. गॅसची झाळ मऊ राहते, ती ठोकून वळणात बसवता येते. त्या कोपऱ्यावर त्यांनी आतून लोखंडी डॉली धरली आणि बाहेरून हलक्या हातोडीनं ठोके दिले. शंभरेक ठोके असतील, एकाशेजारी एक, जोर कधी वाढला नाही. आपल्या भांडी बाजारात तांबट जसा हंडा मठारतो, तसे. तोच हात, तीच ऐट, फक्त धातू वेगळा. तांब्याला कल्हई हवी, लोखंडाला जस्त हवं, आणि दोन्हींना मठारणारा माणूस हवा. ठोकून झाल्यावर मी त्या कोपऱ्यावरून डोळे मिटून बोट फिरवलं. जोड कुठे आहे ते सापडलं नाही. ज्या भागात जोड दिसायला हरकत नव्हती, म्हणजे गाडीच्या पोटाखाली, तिथे त्यांनी तो घासून लपवला नाही. टाके तसेच उभे ठेवले, मोजता येतील असे. घासला की टाका बारीक होतो आणि ताकद जाते. जिथे डोळ्याला हवं तिथे सफाई, जिथे भाराला हवं तिथे भरीवपणा. ही निवड मला या कामातली खरी कला वाटते.

पत्रे एकमेकांवर बसवण्याआधी दोन्हींच्या आतल्या बाजूला जस्ताचा प्रायमर, कारण एकदा झाळले की तिथे ब्रश पोहोचणार नाही. आत उरलेल्या जुन्या पत्र्यावरचे तपकिरी डाग तारेच्या ब्रशानं घासून त्यांनी वर फॉस्फोरिक आम्लाचा हात फिरवला. थोड्या वेळानं डाग काळपट-राखाडी झाले. गंजाचं रूपांतर लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये होतं आणि तो थर पुढच्या गंजाला अडवतो. दिल्लीच्या कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवलं की त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्याच्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. त्या स्तंभाला जे काळानं सावकाश दिलं, त्याची एक छोटी, घाईची आवृत्ती द्वारकेच्या शेडमध्ये ब्रशानं लागत होती. स्तंभाचं वजन सहा टनांच्या वर, आमची पट्टी दोन किलोची. तरी मला ते नातं खरं वाटलं.

काम निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मागच्या चाकाच्या कमानीजवळ ग्राइंडर एकदा खोल गेला आहे, तिथे पत्रा पातळ झालाय. मिस्त्रींनी मला तो स्वतः बोट ठेवून दाखवला आणि आतून एक छोटी पट्टी जादा दिली. बाहेरच्या बाजूला, संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की एक हलकी लाट दिसते. ती मला दिसते, इतरांना नाही. ती पुटीनं भरून काढू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं.

गंजाच्या बाबतीत कारखान्यांनीही मार खाल्ला आहे. इटलीच्याच लान्चिया कंपनीच्या बीटा गाड्यांना इंजिनाखालच्या आधाराच्या जागी इतका गंज लागला की १९८० साली ब्रिटनमध्ये कंपनीवर गाड्या गिऱ्हाइकांकडून परत विकत घ्यायची वेळ आली. त्या देशात ते नाव पुन्हा सावरलं नाही. पुढे बॉडी अख्खी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या ओढीनं रंग डब्याच्या आतपर्यंत पोहोचवण्याची पद्धत सगळीकडे रूढ झाली, पत्र्यालाच जस्त चढवलं जाऊ लागलं, आणि आजच्या गाड्यांचे डबे म्हणून जास्त टिकतात. आमच्या फियाटच्या डब्यात आतल्या बाजूला मूळचा रंग नावापुरताच सापडला.

लोक विचारतात, एवढा खर्च एका जुन्या गाडीवर कशाला. प्रश्न योग्य आहे. सगळ्या गाड्या वाचवाव्यात असं माझं मत नाही. मागच्या कमानीपट्ट्या जिथे बॉडीला टांगलेल्या असतात त्या जागा, स्टिअरिंग जिथे कसलेलं असतं तो भाग आणि दोन्ही बाजूंचे डबे असं सगळंच गेलं असेल, तर गाडीला हात जोडून निरोप द्यावा. माणसाच्या जिवापेक्षा पत्रा मोठा नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. समुद्राच्या खाऱ्या हवेत रोज धावलेल्या त्या गाड्यांनी आपला वाटा पुरेपूर दिला होता. पण जी गाडी निम्म्याहून अधिक शाबूत आहे, जिचा सांगाडा सरळ आहे, तिचा एक डबा सडला म्हणून ती भंगारात घालणं मला पटत नाही. पेठ रोडच्या आरटीओत दर पाच वर्षांनी तिचं पासिंग होतं. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद मिळू शकते. आमच्या फियाटला ती पन्नाशी २०३६ साली लागेल.

शेवटच्या दिवशी, रंगाला देण्याआधी, मिस्त्रींनी एक मग पाणी आणलं. नव्या डब्याच्या वरच्या कडेच्या फटीतून ते हळूहळू आत ओतलं आणि आम्ही दोघं खाली वाकून बसलो. डब्याच्या तळाला त्यांनी मूळच्या जागीच तीन भोकं ठेवली होती, प्रत्येकी करंगळीएवढं. पहिल्यातून पाणी आलं, मग तिसऱ्यातून. मधलं कोरडं. त्यांनी तारेचा तुकडा आत फिरवला, झाळीचा एक कण पडला आणि मधल्यातूनही धार लागली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ते उठले नाहीत. मग दोन दिवस उन्हात वाळवून आत पातळ केलेलं मेण फवारलं आणि भोकं पुन्हा तारेनं मोकळी केली. रंगवाल्याला बजावलं, ही बुजवलीस तर गाडी परत माझ्याकडे येईल.

वडिलांच्या वेळी एवढंच कोणी सांगितलं असतं तर!

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, कुठल्याही कंपनीची, तर दोन गोष्टी करा. पत्र्याचं काम चालू असताना, पुटी लागायच्या आधी, गॅरेजमध्ये जाऊन उघडा पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि मृगाच्या आधी एका रविवारी गाडीखाली वाकून दारांच्या आणि पट्टीच्या तळाची भोकं शोधा, तारेनं मोकळी करा, मगभर पाणी ओतून ते बाहेर येतंय का बघा.